लाल दोऱ्यातला अडतीस

अंतोफागास्ता, ३ ऑगस्ट २०१३

नोल्बेर्तो,

अकरा वर्षांनी थोरल्या बहिणीचं पत्र आलं म्हणजे कुणीतरी गेलं असणार, असं तुला वाटेल. कुणी गेलेलं नाही. आईच्या दफनाच्या दिवशी मी तुझ्या थोबाडीत मारली होती, त्याची माफी मागायलाही मी हे लिहीत नाही. एक साधी चौकशी आहे. ती करते आणि संपवते.

आमच्या निवृत्तांच्या क्लबाने यंदा वाळवंटातली संग्रहालयं आणि स्मारकं बघायची टूम काढली आहे. महिन्याच्या पहिल्या शनिवारी बस निघते. मला जायचं नव्हतं, पण शेजारच्या फ्रेसियाला नाही म्हणायचं म्हणजे तासभर तिचं "का नाही?" ऐकायचं. गेले. आतापर्यंत तीन ठिकाणं झाली आणि तिन्हीकडे पाट्या लिहिणाऱ्या माणसाचा कान धरावा असं वाटलं. एका ठिकाणी कपडे पिळायच्या यंत्राला 'छपाईचं यंत्र' म्हटलं होतं. मठाच्या शाळेत सहा वर्षं मी त्या यंत्राचा दांडा फिरवला आहे, मला शिकवतात! मी तिथल्या बाईला सांगितलं, तर ती म्हणते, "सेन्योरा, सूचनापेटी बाहेर आहे." छत्तीस वर्षं मी जन्ममृत्यूच्या नोंदी केल्या. एका चुकीच्या तारखेपायी माणसाचं अख्खं आयुष्य अडलेलं पाहिलं आहे. आणि यांना पेटी!

आज सान एलादियोला गेलो. सोऱ्याची खाण बंद पडून ओस झालेलं गाव. त्र्याहत्तरच्या सप्टेंबरात लष्कराने सरकार उलथलं, त्या ओसाड घरांना काटेरी तार लावून कैदी कोंडले, आणि एकोणीस वर्षांचा तू तिथे सक्तीच्या नोकरीत बंदूक धरून पहाऱ्याला होतास. आता तिथे संग्रहालय आहे. तुझा उल्लेख कुठे नाही.

जुन्या शाळेच्या खोलीत काचेची कपाटं आहेत. फ्रेसिया खाणकामगाराच्या मेणाच्या पुतळ्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढून घेत होती. मी पुढच्या खोलीत गेले. तिथल्या एका काचेखाली फ्लॅनेलचं राखाडी फडकं पसरून ठेवलं आहे. पाटी मी उतरवून आणली: 'कैद्याचे डोळे बांधण्यासाठी वापरलेले कापड. १९९० साली गावाच्या पश्चिमेस रिकाम्या खड्ड्यात सापडले. कोपऱ्यातील ३८ हा आकडा बहुधा कैद्याचा क्रमांक असावा.'

आता चौकशी. तू नोकरीवर निघालास तेव्हा पहाटेची थंडी बाधू नये म्हणून मी तुला गळ्याभोवती गुंडाळायला राखाडी फडकं शिवून दिलं होतं. ते कुठे आहे? ट्रंकेत असेल तर तसं कळव. हरवलं, फाटलं, कुणाला दिलं, काहीही असेल तर तेही कळव. दोन ओळी पुरेत.

पेन खराब आहे म्हणून अक्षर असं आलं.

एदेल्मिरा


२४ ऑगस्ट

नोल्बेर्तो,

तीन आठवडे झाले. तुझ्या कोयाइकेला टपाल पोचायला तीन आठवडे लागत नाहीत, पाऊस कितीही पडत असो.

पेन खराब नव्हतं.

बुधवारी मी एकटीच परत गेले. फ्रेसियाला डॉक्टरकडे जाते असं सांगितलं. बस हमरस्त्यावर सोडते, तिथून गावापर्यंत दोन किलोमीटर चालायचं. वाऱ्याने पत्रे वाजत होते. प्रत्येक घराच्या आत कुणीतरी हालचाल करतं आहे असं वाटायचं. मी रस्त्याच्या मधोमध चालत राहिले. कुत्रं चालतं तशी, भिंतींपासून लांब.

तुला आठवत असेल, नसेल तर ऐक. मठात प्रत्येक मुलीला धुलाईचा आकडा असायचा. कपडे एकत्र धुतले जायचे, म्हणून चादरीपासून मोज्यांपर्यंत सगळ्यावर आपापला आकडा लाल दोऱ्याने काढायचा. मी अडतीस. शाळा सुटली तरी सवय सुटली नाही. घरात जे शिवलं त्याच्या कोपऱ्यात अडतीस. बाबांच्या सदऱ्यांवर, आईच्या एप्रनवर. मी डावखुरी. मदर कोन्सोलाता माझा डावा हात एप्रनच्या दोरीने पाठीशी बांधायची आणि मी पलंगाखाली बसून डाव्या हातानेच टाके घालायची. त्यामुळे माझ्या फुलीत वरचा टाका उलट्या बाजूला कललेला असतो. साऱ्या शाळेत तसा माझ्या एकटीचाच.

मी चष्मा काढून काचेला नाक लावलं. नोल्बेर्तो, टाका उलटा आहे. सगळ्याच्या सगळ्या फुल्या.

त्या खोलीचा राखणदार वेनान्सिओ हा त्याच गावात जन्मलेला म्हातारा. तो म्हणाला, "बाईसाहेब, काच पुसायला मला फडकं लागतच नाही. एक साबिना नाकाने पुसते, आता तुम्ही आलात."

मी विचारलं, "कोण साबिना?"

"ती काय, आलीच. अगं साबिना, तुझ्या काचेला गिऱ्हाईक आलंय बघ!"

दारात एक ठेंगणी बाई उभी होती. पुरुषाची टोपी, हातात फावडं, पायांत दोन वेगवेगळ्या जोडांचे बूट. म्हणाली, "तू गप रे वेनान्सिओ. तुझ्या तोंडाला झाकण नाही आणि कपाटांना धूळ पुसणारा नाही." मग माझ्याशेजारी येऊन तिने काचेवर, आकड्याच्या बरोबर वर, ओठ टेकले. कामाला निघताना बायका घरातल्या क्रुसाला टेकतात तसे, घाईने.

"माझा भाऊ," ती म्हणाली. "आबेलिनो मुन्दाका. बेकरी कामगारांच्या संघटनेचा चिटणीस. एकोणतीस वर्षांचा होता. हा त्याचा नंबर. बाकीच्यांची नुसती नावं सापडली, माझ्याकडे नंबर आहे." मग विचारलं, "तुमचं कोण?"

मी म्हणाले, "कुणी नाही."

बाहेर लोखंडी भिंतीवर तिथे गोळ्या घातलेल्या, प्रेतं न सापडलेल्या कैद्यांची सव्वीस नावं कोरली आहेत. पंचवीस नावांपुढे काही नाही. आबेलिनो मुन्दाका या नावापुढे ३८ आहे. तिने तो अर्ज करून कोरून घेतला आहे. माझा आकडा.

उत्तर दे.

एदेल्मिरा


९ सप्टेंबर

नोल्बेर्तो,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. 'फडक्याचं आठवत नाही. तिथे परत जाऊ नकोस. मला लिहू नकोस. प्रकृती जप.' बंदुकीच्या पावतीवरसुद्धा याहून जास्त मजकूर असतो.

आता मी विचारते. माझं पत्र तू कुणाला दाखवलंस?

कारण काल चहाच्या वेळी बेल वाजली. दारात कोट-टाय घातलेला माणूस. सत्तरीच्या पुढचा, दाढी गुळगुळीत, हातात मिठाईचा खोका. म्हणाला, "डोन्या एदेल्मिरा, ओळखलं नाहीत? मी उबिया. तुमच्या नोल्बेर्तोचा सार्जंट होतो. पोरासारखा सांभाळला त्याला."

मी आत घेतलं. का घेतलं ते देवाला ठाऊक. मठात शिकवलेली रीत हाडात मुरलेली असते, पाहुण्याला दारात उभं करायचं नाही. तो आईच्या खुर्चीत बसला. मी चहा ओतला तेव्हा किटलीचं झाकण खडखडलं आणि त्याचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं.

"थंडी वाजते का?" म्हणाला.

"किटली जुनी आहे."

"तुम्ही संग्रहालयं बघत फिरता म्हणे. चांगला छंद. पण या वयात वाळवंटात एकटीने जाऊ नये. ऊन बाधतं. माणूस रस्ता सोडून चार पावलं गेला तरी सापडत नाही तिथे."

मी म्हणाले, "तुम्हाला अनुभव आहे वाटतं."

तो हसला. पावाचे दोन तुकडे खाल्ले, वर अॅव्होकाडो भरपूर लावून. मग म्हणाला, "जिभेला धार आहे. नोल्बेर्तो सांगायचा. बाई, तुमच्या भावाला तीन नातवंडं आहेत. तो तिथे शांतपणे जगतो आहे. एका फडक्यापायी..."

फडक्यापायी! नोल्बेर्तो, फडक्याबद्दल मी फ्रेसियाला सांगितलं नाही, पाद्र्याला सांगितलं नाही, वेनान्सिओला नाही. कागदावर लिहून मी ते फक्त तुला पाठवलं.

जाताना त्याने दाराची कडी हातात धरून हलवून बघितली. "ही बदला," म्हणाला. "हिचा काही उपयोग नाही."

मी नवी कडी बसवून घेतली. कडी बसवणारा म्हणाला, "मावशी, चोर आला होता का?" मी म्हटलं, "नाही, सल्ला द्यायला आला होता." तो बिचारा हसला. आज पाच वाजता फोन वाजला. मी उचलला. कुणी बोललं नाही, नुसता श्वास. मी 'रॉंग नंबर' म्हणून ठेवला आणि मग दाराला टेकवून खुर्ची लावली. तीच, आईची.

तू मला भीती दाखवायला माणूस पाठवलास. माझ्या हाताने जेवलेला तू.

एदेल्मिरा


३० सप्टेंबर

नोल्बेर्तो,

फोन रोज येतो. पाचला. चार वाजल्यापासूनच मी दाराला खुर्ची लावून बसते. फ्रेसिया म्हणते, "तू वाळत चाललीस गं, आणि बोलणंही कमी झालंय. तुझ्यासारखी बाई गप्प बसली की बिल्डिंगमध्ये सगळ्यांना घाबरायला होतं." मी तिला हसून दाखवलं.

गेल्या पत्रातला राग मी परत घेत नाही, पण त्याखाली जे आहे ते आज लिहिते. तू हे पत्रही उबियाला दाखवशील कदाचित. दाखव. सगळ्या पाट्या दुरुस्त करत फिरणाऱ्या बाईने स्वतःची पाटी खोटी लिहून चालायचं नाही.

त्र्याहत्तरच्या नाताळात तू चार दिवसांच्या रजेवर आलास. तुझ्या गळ्यात फडकं नव्हतं. मी ते त्याच दिवशी पाहिलं. आई चर्चमध्ये मिसाला गेली होती. तू स्वयंपाकघरात टेबलाशी बसलास, मी तुझ्यापुढे शेंगांचं कालवण ठेवलं. तू चमचा उचलला नाहीस. म्हणालास, "एदे, एक सांगू?" तुझी हनुवटी लहानपणी रडायच्या आधी हलायची तशी हलत होती. मी तुझ्याकडे पाठ केली आणि म्हणाले, "गार होईल. जेव."

तू पुन्हा म्हणालास, "एदे, त्या माणसाने मला विचारलं, घरी कोण आहे."

मी म्हणाले, "मला काही सांगू नकोस. माझी सरकारी नोकरी आहे."

तू जेवलास. दुसऱ्यांदा वाढून घेतलंस. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते, अडाणी नव्हते, बहिरी नव्हते. पुढची सोळा वर्षं माझ्या टेबलापुढे बायका यायच्या. नवऱ्याच्या, मुलाच्या मृत्यूचा दाखला मागायला यायच्या, आणि मी सांगायची, "प्रेताशिवाय दाखला मिळत नाही, बाई. पुढचे." नियमच तसा होता. मी नियम बरोबरच सांगत होते. तुझी हनुवटी मला ठाऊक होती आणि मी नियम सांगत होते.

आणि दफनाचा दिवस. तू प्यायलेला होतास, हे मी सगळ्यांना सांगितलं आणि म्हणून थप्पड मारली असंही सांगितलं. तू प्यायलेला नव्हतास. कबरीपाशी माझा दंड धरून तू म्हणालास, "पंचाहत्तरमध्ये यंत्राने उकरून काढलं त्या पुरलेल्यांना, तेव्हाही मी होतो. रेल्वेच्या रुळांजवळ नेलं. तूच म्हणालीस सांगू नकोस म्हणून, आता आई नाही, आता तरी ऐक." तेव्हा मी मारली. पन्नास माणसांदेखत. तू तासाभरात निघून गेलास आणि मला हायसं वाटलं.

मी उबियाला घाबरते. पण त्याच्याआधी, चाळीस वर्षं, मी तुझ्या तोंडाला घाबरत आले. ते उघडेल म्हणून.

ते फडकं तू दिलंस की तुझ्याकडून घेतलं, तू बांधलंस की दुसऱ्या कुणी, मला माहीत नाही. आता मला माहीत करून घ्यायचं आहे. लिही.

एदे


१४ ऑक्टोबर

नोल्बेर्तो,

तू लिहिलं नाहीस. मी साबिनाकडे जाऊन आले.

ती वाळवंटाच्या काठच्या वस्तीत राहते. दोन खोल्या, अंगणात चाळण्या, फावडी, पाण्याचे कॅन. बसमधून उतरताना मागे एक पांढरी गाडी थांबली होती. ती उबियाचीच असं मी म्हणत नाही. पांढऱ्या गाड्या पुष्कळ असतात. पण मी तिच्या दारावर थाप मारली ती ओळखीच्या माणसासारखी नाही, पाठलाग होणाऱ्या माणसासारखी.

"या, काचवाल्या बाई," साबिना म्हणाली. "तुमचं तोंड पिठासारखं का झालंय? बसा. साखर किती?"

मी बसले नाही. पर्समधून माझा रुमाल काढला आणि टेबलावर पसरला, लाल अडतीस वर करून.

तिने तो उचलला नाही. वाकून बघितला. मग खिडकीशी नेऊन बघितला. अंगणात कुत्रा पाणी पीत होता.

"हा कैद्याचा नंबर नाही," मी म्हणाले. "माझ्या शाळेतला धुलाईचा आकडा आहे. फडकं मी शिवलं. माझ्या भावासाठी. तो पहाऱ्यावर होता."

"पहाऱ्यावर."

"हो."

"तेवीस वर्षं," साबिना म्हणाली, "मी तुमच्या मोज्यांच्या आकड्याचा मुका घेते आहे."

मठात शिकवलेली दहा उत्तरं येत होती, एकही कामाचं नव्हतं.

"भिंतीवर कोरून घेतला मी तो. खासदाराच्या दारात चार महिने बसले त्यासाठी. लोक म्हणायचे, साबिनाकडे निदान नंबर आहे. आता काय आहे माझ्याकडे? सांगा ना. इतक्या लांब आलात तर सांगा!"

"मी संग्रहालयाला लिहिते. ते काढून टाकतील."

"काय काढून टाकतील?" तिने रुमाल माझ्या हातात कोंबला. "हात लावाल तर खबरदार. त्या फडक्याखाली त्याचे डोळे होते. आकडा तुमचा, घेऊन जा. फडकं माझं आहे."

मी दाराकडे वळले. ती म्हणाली, "बसा." मी बसले. तिने चहा ओतला, साखर न विचारता घातली.

"जिवंत आहे तुमचा भाऊ?"

"आहे."

"बोलतो?"

"दोनदा बोलू लागला. दोन्ही वेळा मी गप्प केलं." आणि मग मी तिला रुळांचं सांगितलं. तू जे कबरीपाशी म्हणालास ते, शब्दाला शब्द.

नोल्बेर्तो, रिकामा खड्डा पश्चिमेला आहे. रूळ पूर्वेला. साबिना आणि तिच्याबरोबरच्या बायका तेवीस वर्षं दर शनिवारी हाडांसाठी पश्चिमेच्या टेकड्या चाळत होत्या. नकाशावर तिने चौकोन पाडले आहेत, झालेला चौकोन पेन्सिलीने भरलेला. एकूण एक भरला आहे. रुळांकडची बाजू कोरी.

"हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?" तिने विचारलं.

मी सांगितलं, अकरा वर्षं.

तिने नकाशाच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिल टेकवली. ओरडली नाही. तिने ओरडावं म्हणून मी वाट बघत होते. शेवटी म्हणाली, "अकरा वर्षांपूर्वी माझे गुडघे चांगले होते."

तिने मला बसपर्यंत सोडलं. फावडं बरोबर घेऊन. पांढरी गाडी तिथे होती. साबिना सरळ तिच्यापाशी गेली आणि काचेवर फावड्याच्या दांड्याने टकटक केलं. आत एक भाजीवाला झोपला होता. ती हसली, मी नाही हसू शकले.

एदे


१६ ऑक्टोबर, बुधवार

नोलो,

हे पत्र विमानाच्या टपालाने पाठवते आहे, शुक्रवारी तुला मिळेल. लहान आहे. उभ्याने वाचू नकोस, बस.

आज सकाळी मी कोर्टात जाऊन जबाब दिला. या जुन्या प्रकरणांसाठी नेमलेले न्यायाधीश तिसऱ्या मजल्यावर बसतात. लिफ्ट बंद होती. प्रत्येक वळणावर मी कठडा धरून थांबले आणि प्रत्येक वळणावर मनात आलं, की मागे फिरावं, दात दुखतो म्हणावं. कारकून बाई तरुण होती. तिने विचारलं, "त्या पहारेकऱ्याशी तुमचं नातं?"

"सख्खा भाऊ."

तिने पेन खाली ठेवलं. "सेन्योरा, सख्ख्या भावाविरुद्ध बोलायची कायदा सक्ती करत नाही. माहीत आहे ना?"

मी म्हटलं, "माहीत आहे. कायद्याच्या आड बसून माझी नोकरी झाली. लिही."

उबियाचं नाव दिलं, त्याचं येणं, त्याची मिठाई, पाचचे फोन, सगळं दिलं. नाताळच्या जेवणाचंही दिलं; माझ्या तोंडचे शब्द मी तिला पुन्हा वाचून दाखवायला लावले, तिने एक शब्द सौम्य केला होता. तुझा पत्ता दिला. तिचं अक्षर गिचमिड होतं म्हणून पत्ता मी स्वतः लिहिला, पिन कोडसकट, डाव्या हाताने. तू साक्षीदार ठरतोस की आरोपी, ते तू काय सांगशील त्यावर ठरेल, असं ती म्हणाली.

समन्स घेऊन पोलीस सोमवारी तुझ्या दारात येतील. म्हणजे तुझ्याकडे शनिवार आणि रविवार आहे. सरहद्द तुझ्या गावापासून तासाभरावर आहे, हे मला ठाऊक आहे. तू पळू शकतोस. किंवा शनिवारी सकाळी अंघोळ करून, मुलांना सांगून, आपल्या पायांनी चौकीत जाऊ शकतोस. तिसरीही एक गोष्ट पुरुष करतात, तुझ्याबरोबर नोकरीला असलेल्या दोघांनी ती केली, तेही मला ठाऊक आहे. तिचं नाव मी लिहीत नाही. मला सगळ्यात जास्त तिचीच भीती आहे, नोलो. उबिया, फोन, पत्र्यांचा वारा, सगळं मिळून तिच्यापुढे काही नाही. तसं करू नकोस. मी सत्य सांगितलं ते तुला मारायला नाही. तू गेलास तर मला कळेल की मी तुला दोनदा गमावलं, एकदा गप्प करून आणि एकदा बोलून.

मी हे लिहीत असताना साबिना माझ्या स्वयंपाकघरात आहे. कोर्टातून माझ्याबरोबर आली. मगाशी पाचचा फोन आला तेव्हा तो तिने घेतला आणि अशा शिव्या दिल्या, की मदर कोन्सोलाता कबरीत कुशीवर वळली असेल. मी तिला म्हटलं, भावाला सावध करायला पत्र लिहिते आहे, तुझी हरकत असेल तर सांग. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "लिहा. शिक्षेचं न्यायाधीश बघेल. माफीचं मला विचारू नका, माझ्याकडे नाही. फक्त एक विचारा त्याला. पळणार असला तरी एवढं कागदावर लिहून टपालात टाक म्हणावं, आणि मग जा कुठे जायचं तिथे."

तिने सांगितलं तसंच लिहिते.

सान एलादियोपासून पुढच्या स्टेशनापर्यंत रूळ साठ किलोमीटर आहेत. साबिना चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. रुळांच्या कोणत्या बाजूला, एवढं सांग. दोन्ही बाजू तिच्याने चालून होणार नाहीत.

एदे